मंगळवारचा एक दिवस: उघडा नळ, बंद लॅच, न जुळलेले ठसे आणि झग्यावरचा डाग (सल्ला हवा आहे)

सलाम_नगरकर (मंगळवार, रात्री ९.४०)

सर्वांना सलाम.

मी निवृत्त ख्रिस्ती पाळक. मूळचा नगर जिल्ह्यातला, गेली सहा वर्षं भायखळ्याला राहतो. वय ७१. इथे रोज वाचतो, लिहितो क्वचित. आज दोन गोष्टींत तातडीनं सल्ला हवा आहे. पण आज एकातून दुसरं निघत गेलं, त्यामुळे दिवस पहाटेपासूनच सांगतो.

आमच्या इमारतीत पाणी पहाटे पाचला येतं, सातला जातं. काल रात्री दात घासायला मोरीतला नळ उघडला तर वरची टाकी संपलेली. पिंपातलं तांब्याभर पाणी घेतलं, चूळ भरली आणि झोपलो. नळ तसाच राहिला. जुना पितळी फिरकीचा नळ आहे. पाणी नसताना तो उघडा की बंद हे नुसतं बघून कळत नाही. पहाटे पाणी आलं. मोरीच्या जाळीवर प्लास्टिकचा मग आडवा पडलेला होता, त्यानं तोंड बंद झालं. पाणी मोरीचा कट्टा ओलांडून स्वयंपाकघरात आलं आणि तिथून फरशीच्या सांध्यातून खालच्या मजल्यावर गेलं.

पावणेसहाला दार वाजलं. खालच्या खाला उभ्या होत्या, हातात कणकेचा डबा. झाकणावर पाण्याचे थेंब. मला वाटलं, आता बोलणार. त्या आत डोकावल्या, पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, "फादर, तुम्ही पडला नाहीत ना?" मग त्यांचा मुलगा वायपर घेऊन वर आला. आम्ही दोघांनी तासभर पाणी काढलं. फरशी निसरडी झाली होती म्हणून मी धुण्याचा सोडा टाकून हातानं घासली.

त्या गडबडीत दूध तापत ठेवलं होतं. उतू गेलं, बर्नर विझला. वास आल्याबरोबर बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. नंतर पेटवला तर एका बाजूनं जाळ पिवळा. अजून तसाच आहे.

साडेआठला ओला कचरा आणि सुका कचरा जिन्यातल्या डब्यात टाकायला चार पावलं बाहेर आलो. खिडक्या उघड्याच होत्या, वारा आला, दार आपटलं, लॅच लागला. किल्ली आत, फोन आत, चष्मा आत. अंगात बनियन आणि लुंगी. खालाच्या मुलानं त्याचा शर्ट दिला आणि स्टेशनाजवळ बसणाऱ्या चावीवाल्याला बोलावून आणलं.

तरुण मुलगा होता. आधी विचारलं, "घर यांचंच ना?" शेजारचे दोघं हो म्हणाले तेव्हाच पिशवी उघडली. तिच्यातून एक्स-रेची जुनी फिल्म काढली, कात्रीनं वीतभर पट्टी कापली. कापताना ती उजेडासमोर आली आणि मला त्यात दोन बरगड्या दिसल्या. कुणाच्या कोण जाणे. पट्टी दाराच्या फटीत वरून घातली, हळूहळू खाली आणली, लॅचच्या जिभेपाशी थांबला, दुसऱ्या हातानं दार दोनदा हलवलं. उघडलं. मिनिटसुद्धा लागलं नसेल. मी इतका वेळ त्या पट्टीकडेच बघत होतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये पत्नी गेली. तिच्या फिल्म्स अजून कपाटावर आहेत, पाकिटात.

पत्नी रेल्वेच्या रुग्णालयात नर्स होती. तिच्या नावाचं कुटुंब निवृत्तिवेतन मला मिळतं. नोव्हेंबर आहे, म्हणून हयातीचा दाखला द्यायला अकराला बँकेत गेलो. यंत्रावर उजवा अंगठा, मग तर्जनी, मग डावा हात. कोणतंच बोट जुळेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, बोटं पुसा, केसांवरून फिरवा, पुन्हा ठेवा. दहा वेळा केलं. माझ्या पुढच्या आजींचंही जुळलं नव्हतं, त्या तशाच परत गेल्या होत्या. शेवटी "उद्या-परवा या" म्हणून सांगितलं.

कागदाचा फॉर्म मात्र भरून घेतला. त्यात एक रकाना आहे, पुनर्विवाह केला आहे का. छत्तीस वर्षं मी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्नं लावली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही कायद्यातली वेळ सांभाळली, वधूवरांच्या सह्या घेतल्या. वेदीपाशी नोंदवही उघडायची आणि पेन माझं द्यायचं, ही माझी सवय होती. आज काउंटरचं दोरीला बांधलेलं पेन होतं. दोरी आखूड, म्हणून वाकून 'नाही'वर खूण केली. गेल्या वर्षीही केली होती. आज हात थोडा थांबला.

आता झग्याचं. येत्या रविवारी आमच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. बाळाच्या आईचा बाप्तिस्मा मी केला होता, म्हणून त्यांनी मलाच बोलावलं आहे. पांढरा सुती झगा परवा धुतला. पत्नी त्याला भाताच्या पेजेची खळ करायची, तशी पहिल्यांदाच मी केली. इस्त्रीवाल्याकडून घडी आली ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवली होती, तिचा खालचा पदर पहाटेच्या पाण्यात भिजला. संध्याकाळी वाटलं, तेवढाच भाग घरी फिरवून घेऊ. इस्त्री कडक तापली होती. फोन वाजला, मी वळलो. परत आलो तोवर घेराच्या पुढच्या बाजूला इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा तपकिरी डाग. हा झगा हिनं स्वतः शिवलेला आहे, माझ्या दीक्षेनंतर पाच वर्षांनी. घेराची दुमड हातशिलाईची आहे.

तर दोन प्रश्न. ठसे जुळत नसतील तर काय करायचं? आणि सुती कापडावरचा असा डाग निघतो का? चार दिवस आहेत.

---

कळवा_फास्ट (मंगळवार, रात्री १०.०५)

काका, दाखल्याची काळजी सोडा. ठसेच लागतात असं नाही आता, चेहऱ्यावरूनही होतं. २०२१ पासून ही सोय आहे. माझ्या आजीचा मी दर वर्षी घरी बसून करतो.

फोनवर दोन ॲप घ्यायची, 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण'. पहिल्यांदा ऑपरेटर म्हणून कुणाची तरी नोंद करावी लागते, घरातला कुणीही चालतो, तुम्ही स्वतःसुद्धा. मग पेन्शनरची माहिती: आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), खाते नंबर, मोबाईल. त्यातही तो पुनर्विवाहाचा प्रश्न येईल, आधीच सांगून ठेवतो. मग कॅमेऱ्याकडे बघून पापण्या मिटायच्या-उघडायच्या. पाठीमागे साधी भिंत ठेवा, उजेड तोंडावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर होणार नाही. झालं की मेसेजमध्ये प्रमाण आयडी येतो, तो लिहून ठेवा.

तेही नको असेल तर पोस्टमनला घरी बोलावता येतं, ७० रुपये घेतात. पण तो बोटांचं यंत्र घेऊन आला तर परत तेच, म्हणून आधी विचारून घ्या. आणि तुम्ही सत्तरच्या वर आहात. सत्तरच्या पुढच्यांना बँकेनं घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलं आहे. त्या आजींना कुणी हे सांगायला हवं होतं. राग येतो खरंच.

---

निळीची_पुडी (मंगळवार, रात्री १०.३०)

झगा बाजूला ठेवा, आज काहीही लावू नका!

आमचं तीन पिढ्यांचं लॉन्ड्रीचं दुकान आहे, सात रस्त्याला. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतंय की कापड जळलेलं नाही, खळ जळली आहे. पेजेची खळ पहिल्यांदा करणारा माणूस ती घट्टच करतो. वर ती ओली. त्यावर कडक इस्त्री टेकली की आधी खळ तपकिरी होते. कापडाचा धागा त्याखाली बऱ्याचदा वाचलेला असतो.

कसं ओळखायचं ते सांगते. डागावर नख हलकं फिरवा. कडक पापुद्र्यासारखं लागलं आणि पावडर निघाली तर खळ. कापड पातळ, ठिसूळ लागलं, धागा तुटायला लागला तर कापड.

खळ असेल तर सगळा झगा कोमट पाण्यात तासभर बुडवा. नुसतं पाणी. खळ सुटली की साधा साबण. मग जो पिवळटपणा उरेल त्यावर लिंबू पिळून ओलं असतानाच उन्हात घाला, सुकलं की परत पाणी शिंपडा. तरीही राहिला तर केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, तीन टक्क्यांचं, ते कापसानं लावा आणि धुवा. ब्लीचिंग पावडर मुळीच नको. भाजलेल्या धाग्याला ती खाते, आज पांढरं दिसेल आणि पुढच्या धुण्यात भोक पडेल.

हातशिलाईच्या दुमडीला चोळू नका. आधी एक उलटी बाजू दाखवणारा फोटो टाका.

---

अळूची_फदफदी (मंगळवार, रात्री ११.१०)

पाळकसाहेब, वाचून पहाटेच्या पाण्याचा आवाजच कानात आला. आमच्या गिरगावच्या चाळीत असंच.

एक प्रश्न, अज्ञानातून विचारते, रागावू नका. पाळक आणि फादर एकच का? खाला तुम्हाला फादर म्हणाल्या आणि तुमचं तर लग्न झालेलं होतं.

---

सलाम_नगरकर (बुधवार, सकाळी ७.१५)

अळूताई, यात रागावण्यासारखं काय? फादर हे कॅथलिक धर्मगुरू, ते अविवाहित राहतात. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात पाळक संसारी असतो. माझी मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि ही झाली. माझ्या आजोबांची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची होती. ते मिशन मुंबईला आलं १८१३ साली. भायखळ्यात मात्र पांढरा झगा दिसला की फादरच म्हणतात आणि मी हाक ऐकून थांबतो.

कळवा, तुमचा निरोप वाचून रात्रीच खालाच्या मुलाला सांगितलं, संध्याकाळी बसणार आहोत.

निळीताई, फोटो टाकला आहे. नखानं पाहिलं. कडक लागतंय आणि बारीक भुगा निघतोय.

---

निळीची_पुडी (बुधवार, सकाळी ७.४०)

देव पावला. खळच आहे. भिजवा.

---

पितळी_कॉक (बुधवार, सकाळी ९.२०)

प्लंबिंगचं काम करतो, भायखळा ते परळ. साहेब, नळ बदलून टाका. आखूड दांड्याचा बॉल व्हॉल्व्हचा नळ घ्या. दांडा नळीच्या रेषेत असला की उघडा, आडवा असला की बंद. पाणी असो नसो, लांबून दिसतं, अंधारात हात लावला तरी कळतं. माझ्या गिऱ्हाइकांत एकटी राहणारी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्याकडे मी फिरकीचा नळ लावतच नाही.

बर्नर सांगतो. वरची चकती थंड झाल्यावर काढा, साबणाच्या पाण्यात ठेवा, भोकं सुईनं किंवा पिनेनं मोकळी करा. काडेपेटीची काडी नको, मोडून आत राहते. पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. जाळ निळा आला पाहिजे.

लॅचला आतल्या बाजूला छोटा खटका असतो, तो दाबला की जीभ आत अडकून राहते, दार लागत नाही. कचरा टाकायला जाताना तो दाबायचा. आणि एक किल्ली खालाकडे द्या, आजच.

---

मंडपाची_दोरी (बुधवार, दुपारी १२.५०)

मी पाळकाची मुलगी. बाबा आता नाहीत. हा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही.

आमचं सगळं लहानपण पाळकनिवासात गेलं. चार-पाच वर्षांनी बदली, नवं गाव, नवी मंडळी, घर मात्र नेहमी चर्चच्या आवारातलं. भाडं नाही, नळ बिघडला तर मंडळीतला कुणी येऊन करून जायचा, सांजेला कुणीतरी डबा द्यायचं. आई सगळं सांभाळायची. बाबा सकाळी बाहेर पडायचे ते आजाऱ्यांना भेटत, प्रार्थना करत रात्री परतायचे. आम्हाला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

पासष्टाव्या वर्षी बाबा निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत घर रिकामं करायला सांगितलं. सांगणाऱ्यांचंही चुकलं असं म्हणत नाही, नवा पाळक त्याच्या कुटुंबासह यायचा होता. पण जायचं कुठे? चाळीस वर्षांत कधी घर घेण्याइतके पैसेच साठले नाहीत, आणि घेऊ असं कधी वाटलंही नाही, कारण डोक्यावर छप्पर होतंच. बाबांच्या पुस्तकांचे बावीस खोके माझ्या एका खोलीच्या घरात आले. पहिल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, लाईटबिल कुठे भरतात? त्यांना खरंच माहीत नव्हतं.

नगरकर काका, तुमच्याकडे घर आहे ना स्वतःचं?

---

काटा_बरोबर (बुधवार, दुपारी २.३०)

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी आमच्या मंडळीत खजिनदार होतो. दोरीताईंचं दुःख खरं आहे, पण मंडळीची बाजूही बघा. छोट्या मंडळ्यांत रविवारच्या दानातून पाळकाचं वेतन, चर्चची डागडुजी, लाईट, सगळं भागवायचं असतं. मुंबईत निवृत्त पाळकाला घर घेऊन द्यायची ताकद कुठल्याच मंडळीत नाही. पाळकांनी स्वतः तरुणपणी नगरला, जालन्याला, कुठेतरी गावी छोटी जागा घेऊन ठेवायला हवी. मी आमच्या पाळकांना हे तोंडावर सांगत आलो आहे.

---

मंडपाची_दोरी (बुधवार, दुपारी २.५५)

कशातून घ्यायची जागा, दादा? त्या वेतनातून तीन मुलांची शाळा झाली. आणि तरुण पाळक जागेच्या मागे लागला असता तर तुमच्याच मंडळीनं त्याला नावं ठेवली असती. घर नसेल तर निदान दर महिन्याला घरभाड्याइतकी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला पडायला हवी, पाळकाच्या नावावर, कुणाला हात लावता येणार नाही अशी. हे मंडळी करू शकते. पन्नास कुटुंबांची मंडळीसुद्धा करू शकते.

---

सलाम_नगरकर (बुधवार, रात्री ८.१०)

आधी चांगली बातमी. दाखला झाला. खालाच्या मुलानं स्वतःला ऑपरेटर म्हणून नोंदवलं, मला पांढऱ्या भिंतीसमोर स्टुलावर बसवलं. तिसऱ्या खेपेला चेहरा घेतला. आयडी वहीत लिहून ठेवला आहे. उद्या बँकेत जाऊन त्या आजींबद्दल विचारणार आहे. त्या जवळच कुठेतरी राहत असतील, काउंटरवरची मुलगी ओळखत होती.

दोरीताई, खोली माझी नाही, पत्नीच्या वडिलांची पागडीची आहे. ते मिलमध्ये होते. हिनं भाडेपावती आपल्या नावावर करून घेतली, दर महिन्याला भाडं भरत राहिली, आम्ही बदलीवर कुठेही असलो तरी. एकदा मी तिला म्हणालो होतो की रिकाम्या खोलीचं भाडं कशाला भरायचं, ते पैसे कुणा गरजूला देऊ. तिनं वाद घातला नाही, भाडं भरत राहिली. आज मी त्या खोलीत राहतो.

काटासाहेब, तुमचं म्हणणं मी खजिनदारांकडून आयुष्यभर ऐकलं आणि त्यांची अडचण मला दिसत होती. पण दोरीताईंचं खरं आहे. मी पाळक असताना हा विषय सभेत मांडायला हवा होता. स्वतःसाठी मागतो असं दिसेल म्हणून मांडला नाही. माझ्यानंतर जे आले त्यांच्यासाठी तरी मांडायला हवा होता. आता निवृत्त आहे, माझा काही लाभ नाही, आता मांडतो. पहिल्या वेतनापासून वेगळी रक्कम, दोरीताईंनी लिहिलं तशी. आणि निवृत्तीआधी निदान वर्षभर पाळकानं स्वतःचं घर स्वतः चालवावं. बिलं, बँक, गॅस, स्वयंपाक. हे सेमिनरीत, पाळकांच्या शिक्षणात, कुणी शिकवलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

---

मुळशीचा_तांदूळ (बुधवार, रात्री ९.००)

स्वयंपाक करता का काका? की डबा?

---

सलाम_नगरकर (बुधवार, रात्री ९.२५)

सकाळी भात आणि आमटी स्वतः करतो. भाकरी जमत नाही, पीठ मळलं तरी थापताना कडा फाटतात. संध्याकाळी पाव.

एक गोष्ट सांगतो. लूककृत शुभवर्तमानात मार्था आणि मरीयेची गोष्ट आहे. येशू घरी येतो, मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसते, मार्था कामात. त्यावर मी किती वेळा उपदेश केला याची गणती नाही, आणि दर वेळी मरीयेच्या बाजूनं केला. उपासना संपली की पंधरावीस माणसं आमच्याकडे जेवायला असायची. ही शेवटचं गीत सुरू व्हायच्या आधी मागच्या दारानं उठून जायची, भात टाकायला. म्हणजे माझ्या उपदेशाचा शेवट तिनं फार थोड्या वेळा ऐकला असेल. गेलं वर्षभर मला ते मागचं दार दिसतं.

---

मुळशीचा_तांदूळ (बुधवार, रात्री ९.४०)

काका, भाकरीचं पाणी गरम घ्या, चांगलं कढत. पीठ जुनं असेल तर विरी (चिकटपणा) जाते, मग कितीही मळलं तरी फाटते. दोन-तीन आठवड्यांपुरतंच दळून आणा. आणि एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं, रगडून.

---

जुना_नागपाडा (गुरुवार, सकाळी ११.००)

थोडं अवांतर, पण भायखळा आणि अमेरिकन मराठी मिशन वाचल्यावर राहवत नाही. नागपाड्याचं नेबरहूड हाऊस हे वस्तीसाठीचं केंद्र याच मिशननं काढलं, १९२०च्या दशकात. क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे पाद्री होते. त्यांनी तिथे दवाखाना, वाचनालय, खेळ, सगळ्या धर्मांच्या वस्तीसाठी चालवलं. १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाची समाजकार्याची शाळा त्याच इमारतीत सुरू झाली, मॅन्शर्ट पहिले संचालक. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली आणि १९५४ ला देवनारला गेली. आम्ही पोरं तिथे बास्केटबॉल खेळायचो. नागपाड्याचा बास्केटबॉल अजून नावाजलेला आहे.

खालाच्या मुलानं शर्ट दिला ना, ते वाचून तीच वस्ती आठवली.

---

निळीची_पुडी (गुरुवार, दुपारी १.१५)

झग्याचं काय झालं ते कुणी विचारतच नाहीये!

---

सलाम_नगरकर (गुरुवार, संध्याकाळी ६.३०)

निळीताई, क्षमा करा. काल तासभर भिजवला, पाणी चहासारखं झालं. बराचसा डाग गेला. आज लिंबू लावून गच्चीत दुपारभर ऊन दिलं. आता रुपयाच्या नाण्याएवढी फिकट पिवळी छटा उरली आहे. घेराच्या दुमडीला धक्का लागलेला नाही. पेरॉक्साइड लावावं का?

---

निळीची_पुडी (गुरुवार, संध्याकाळी ६.४५)

आता नको. कापड जुनं आहे, तेवढ्यासाठी त्रास देऊ नका. सुकला की उलट्या बाजूनं, मध्यम इस्त्री, वर ओलं मलमल. खळ लावायचीच असेल तर पेज चौपट पाणी घालून गाळून घ्या. आमचं दुकान तुमच्यापासून फार लांब नाही, शनिवारी घेऊन आलात तर मी स्वतः करून देईन. पैशाचं नाव काढू नका.

---

सलाम_नगरकर (रविवार, रात्री ९.१०)

सर्वांना सलाम.

शनिवारी निळीताईंकडे गेलो. त्यांच्या सासूबाईंनी झग्याची दुमड उलटी करून पाहिली आणि विचारलं, "कुणी घातली ही शिलाई?" मी सांगितलं. त्यांनी सुनेला बोलावून ती दाखवली. एक इंच धागा सुटला होता, तो त्यांनी तशाच टाक्यानं घातला. कुठला जुना आणि कुठला नवा हे मला आता ओळखता येत नाही.

आज बाप्तिस्मा झाला. बाळ मुलगी आहे, चार महिन्यांची. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा रडली नाही, माझ्या गळ्यातल्या स्टोलची झालर मुठीत धरली आणि सोडेना. तिच्या आईनं बोटं सोडवायला हात पुढे केला, मी म्हटलं राहू दे. उरलेली प्रार्थना तशीच केली. उपासनेनंतर जेवण होतं. मी वाढायला उभा राहिलो, लोकांनी बसवायचा प्रयत्न केला, बसलो नाही.

जेवणाआधी मंडळीच्या वडीलजनांशी दोरीताईंचा मुद्दा बोललो. दोघांना पटला, एकाला नाही. जानेवारीच्या सभेत मांडायचं ठरलं आहे, मी येऊन बोलणार आहे. काटासाहेब, आकडे मांडायला तुमची मदत लागेल, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

त्या आजी सापडल्या. माझ्याच गल्लीच्या पलीकडच्या चाळीत राहतात. उद्या खालाचा मुलगा आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत, फोन घेऊन.

पितळी कॉक यांनी शुक्रवारी येऊन नळ बदलला. आता झोपण्याआधी पाहिलं, दांडा आडवा आहे.

---

मुळशीचा_तांदूळ (रविवार, रात्री ९.३०)

आणि भाकरी?

---

सलाम_नगरकर (रविवार, रात्री ९.३५)

नवं पीठ दळून आणलं आहे. सकाळी.